अर्धं कॉलेज मोबाईलवर, अर्धं वर्गात : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमधे एकच विषय वेगवेगळ्या तोंडून आलाय, कॉलेजांनी काही तास ऑनलाईन आणि काही तास वर्गात असं जे सुरू केलंय ते गावाकडच्या पोरापोरींना कसं झेपायचं. गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची पत्रं आहेत. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून ज्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी सहा घेतलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : मी धानोरा तालुक्यातल्या एका गावात राहते, बी.ए. सेकंड इयरला आहे. आमच्या कॉलेजनं या सेमिस्टरपासून आठवड्यातले दोन दिवस ऑनलाईन केले. घरी रेंज नाही, गावाबाहेर रोडवर गेलं की येते. मॅडम लाईव्ह घेतात आणि जो जॉईन झाला त्याचीच हजेरी लागते. पावसात छत्री घेऊन रोडवर किती वेळ उभं राहू? कॉलेजवाले म्हणतात ४० टक्के ऑनलाईन हा यूजीसीचा नियमच आहे. खरंच आहे का?

उत्तर : आधी नियमाचं सांगते, कारण ४० टक्के हा आकडा सगळीकडे अर्धवट फिरतोय. मे २०२१ मधे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एक मसुदा लोकांच्या मतांसाठी ठेवला होता, त्यात कोणत्याही विषयाचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग ऑनलाईन शिकवायला परवानगी द्यावी आणि उरलेला ६० टक्के समोरासमोर असावा असं म्हटलं होतं. म्हणजे ती वरची मर्यादा झाली, तेवढं करायलाच पाहिजे असं नाही. दुसरा ४० टक्क्याचा आकडा येतो तो 'स्वयम' या सरकारच्या ऑनलाईन शिक्षणाच्या पोर्टलवरच्या कोर्सेसचा, २०१६ च्या नियमात एका सेमिस्टरमधले २० टक्के कोर्स 'स्वयम'वरून घेता येत होते, २०२१ मधे ते ४० टक्के केले. हे दोन वेगळे विषय आहेत पण लोक एकात मिसळतात.

आणि मुख्य गोष्ट, ऑनलाईन म्हणजे लाईव्हच असं नसतं गं. त्याच मसुद्यात रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःहून सोडवायचे प्रश्न हे सगळं धरलंय. माझं तर स्पष्ट मत आहे की आपल्या भागात लाईव्ह क्लास हा ऑनलाईनचा सगळ्यात वाईट प्रकार आहे, कारण त्यात वेळ कॉलेज ठरवतं, रेंज टॉवर ठरवतो आणि मधे पोरगी उभी राहते रोडवर, तेही एकटी. हजेरी जॉईन होण्यावर लावली की अभ्यासाची नाही, रेंजची हजेरी लागते.

मॅडमना भेटून काय मागायचं ते सांगते. लाईव्ह तासाला अर्धा जीबी डेटा सहज जातो, तीन तास झाले की दीड जीबीचा रोजचा पॅक संपला. तेच बोलणं फक्त आवाज म्हणून ६४ केबीपीएसवर सेव्ह केलं तर पूर्ण तासाला जवळपास २९ एमबी होतात, दहा मिनिटांचा तुकडा पाच एमबीच्या आत. सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो नाहीतर पीडीएफ. एवढं तर कॉलेजच्या दिवशी ब्लूटूथनं एका मोबाईलवरून दुसऱ्यात जातं, त्याला नेट लागतच नाही. हजेरी मग त्यावरच्या दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून पुढच्या भेटीत दाखवल्यावर लावा म्हणायचं. मॅडमना हे अवघड नाहीये, फक्त कुणीतरी जाऊन सांगायला पाहिजे की घरी नेमकं काय होतं. एकटी जाऊ नको, ज्यांची ज्यांची रेंजची अडचण आहे त्या सगळ्यांनी मिळून लिहून द्या, प्राचार्यांच्या नावे द्या आणि आवक-जावकला नोंदवून पोच घ्या.

अजून एक, घरी टीव्ही आणि डीडी फ्री डिशची छत्री असेल तर 'स्वयम प्रभा'ची चॅनेल बघ, कॉलेजच्या विषयांचीसुद्धा आहेत, फुकट आहेत आणि तिथं डेटा लागत नाही.

हे सगळं पावसाळ्याच्या आधी हातात यायला हवं. तिकडे भामरागडला पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा रस्ताच बंद होतो, अशा वेळी ऑनलाईन कामाला येईल असं शहरातल्या माणसाला वाटतं, पण लाईन आणि नेटही अनेकदा त्याच दिवसांत जातं. आधीच मोबाईलमधे भरून ठेवलेलं तेवढं उरतं.

प्रश्न : मी घाटंजीकडच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. मेहनत करून व्हिडिओ बनवतो, ग्रुपवर टाकतो, निळ्या टिका येतात पण पोरं बघत नाहीत. वर्गात आले की कोरे चेहरे, मग मला तेच पुन्हा शिकवावं लागतं. दुप्पट काम झालं आणि रिझल्ट तोच. हे बंद करावं का?

उत्तर : बंद करू नका सर, पण वर्गात तेच पुन्हा शिकवणं मात्र आजपासून बंद करा. पोरांचा हिशोब बरोबर आहे हो, सर उद्या शिकवणारच आहेत तर आज डेटा आणि झोप कशाला घालवायची. हे चक्र तुम्हीच तोडू शकता आणि पहिले दोन-तीन आठवडे ते जड जातंय, हेही खरं.

व्हिडिओ घरी आणि सराव वर्गात ही पद्धत कुठून पसरली ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्यात वुडलँड पार्क नावाच्या छोट्या गावातल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स हे केमिस्ट्रीचे दोन मास्तर होते, त्यांची पोरं मॅचेससाठी लांब लांब जायची आणि तास बुडायचे, म्हणून २००७ मधे त्यांनी तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पोराला मास्तर समोर हवा असतो तो ऐकायला नाही, गणित अडतं तेव्हा. म्हणजे ही सोय मोठ्या शहरातल्या श्रीमंत कॉलेजातून आलेली नाही, गाव लांब असण्यातून आलीये, त्यामुळे आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही.

आता तुमच्या विषयातलंच घेऊ, घसारा, म्हणजे वापरानं दरवर्षी घटणारी मशीनची किंमत. ५ लाखाचं जिनिंगमधलं मशीन, १० टक्के दर. सरळ रेषा पद्धतीनं दरवर्षी ५० हजारच, आणि घटत्या शिल्लक पद्धतीनं (उरलेल्या किमतीवर) पहिल्या वर्षी ५० हजार, दुसऱ्या वर्षी ४५ हजार, तिसऱ्या वर्षी ४० हजार ५००. हे एवढंच एका व्हिडिओत. पाच-सहा मिनिटं. २०१४ साली एडएक्स या ऑनलाईन कोर्सेसच्या पोर्टलवर ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही मोठा असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढं टिकत नाहीत, आणि ते तर स्वतःहून नाव नोंदवलेले लोक होते. तुमचा ४० मिनिटांचा तास तसाच रेकॉर्ड करून टाकला असेल तर तो कोणीच बघणार नाही, त्यात पोरांचा आळस शोधू नका. तोडा, एका तुकड्यात एकच गोष्ट ठेवा आणि बोला मराठीतच, टर्म इंग्रजी राहू द्या कारण पेपरात त्या येतात, पण समजावणं मराठीत. इंग्रजीतले चकाचक व्हिडिओ यूट्यूबवर ढिगानं आहेत तरी पोरांना तुमच्या आवाजातलं साधं रेकॉर्डिंग जास्त समजतं, कारण तुम्ही उदाहरण मळणीयंत्राचं देता.

मग वर्गात आल्यावर पहिली दहा मिनिटं कागदाची चिठ्ठी. दोन प्रश्न : तिसऱ्या वर्षी दोन्ही पद्धतींत फरक किती आणि का? आणि खाली एक ओळ, कुठं अडलं. मार्क देऊ नका, फक्त वाचा, तिथंच पटापट वाचा. जे अडलंय तेवढंच फळ्यावर घ्या. बाकी वेळ चौघाचौघांना गणित द्या, मशीन वर्षाच्या मधेच विकलं तर काय, आणि तुम्ही बाकांमधून फिरा. ज्यानं बघितलं नाही त्याला ओरडू नका, कारण कदाचित मोबाईल बापाकडे होता आणि बाप वावरात होता. त्याला मागच्या बाकावर कॉलेजच्याच एखाद्या टॅबवर नाहीतर मित्राच्या मोबाईलवर ती सहा मिनिटं बघू द्या आणि मग गटात बसवा. वर्गात आपल्यासाठी काहीतरी वेगळं आहे आणि न बघता आलं तर ते हातचं जातं, हे पोराला स्वतः जाणवलं पाहिजे, सांगून होत नाही ते.

तुमच्या प्राचार्यांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २०१० मधे अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात ऑनलाईन आणि समोरासमोर असं मिश्र शिकलेली मुलं फक्त वर्गात शिकलेल्यांपेक्षा सरासरीनं पुढं निघाली, हे सगळे सांगतात. पण त्याच अहवालात लिहिलंय की मिश्र पद्धतीतल्या मुलांना बऱ्याचदा जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालं होतं, त्यामुळे श्रेय नुसत्या ऑनलाईनला देता येत नाही. म्हणजे दोन दिवस ऑनलाईन केले की दोन दिवसांचा पगार वाचला, सीएचबीवाल्यांचे, म्हणजे तासावर पगार घेणाऱ्या मास्तरांचे, तास कमी झाले, असा विचार कुणी करत असेल तर त्यातून रिझल्ट येणार नाही. व्हिडिओ बनवणं, चिठ्ठ्या वाचणं हे काम आहे आणि ते वर्कलोडमधे धरलं पाहिजे, यावर तुम्ही सगळ्यांनी अडून बसायला हरकत नाही.

आणि वेळापत्रक. आठवड्यातून दोन दिवस ऑनलाईन हे मला आपल्याकडे बिनकामाचं वाटतं. तुमच्याकडे दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची सोंगणी आणि त्याला लागूनच कापूस वेचणी, तिकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत जुलै-ऑगस्टमधे रोवणी, त्या दिवसांत वर्ग तसेही अर्धे रिकामे असतात आणि आपण फळ्याकडे तोंड करून शिकवत राहतो. ऑनलाईनचा वाटा त्या आठवड्यांत टाका ना, छोटी रेकॉर्डिंग आधीच देऊन ठेवा, आणि बाकीच्या महिन्यांत रोज वर्ग भरवा. पोरगी दिवसभर वेचणी करून रात्री सहा मिनिटं ऐकू शकते, दुपारी दोनचा लाईव्ह तास नाही करू शकत.

प्रश्न : मी लोणार तालुक्यातला कास्तकार हाव. मा पोरगी बी.कॉम.ले हाय. तिचं कॉलेज अर्धं मोबाईलवर झालं मंतात. दिवसभर मोबाईलच पाह्यत राह्यते, अभ्यास करते का दुसरं काही करते मले समजत नाही, मी सातवी शिकलेलो. तिची माय मंते का घरीच अभ्यास होते तं कॉलेजात कायले पाठवाचं, एसटीचा खर्चबी वाचते. तुमी सांगा काय करू?

उत्तर : भाऊ, तुम्ही पत्र लिहून विचारलंत, फार बरं केलंत. तुम्हाला कॉमर्स समजायची गरजच नाही. रात्री जेवण झाल्यावर पोरीला म्हणा, आज काय ऐकलंस ते मला आपल्या घरच्या हिशोबावर सांग. बी-बियाण्याची उधारी, दुकानदाराचं खातं, सोसायटीचं कर्ज, तिच्या अभ्यासात हेच सगळं आहे. तिनं सांगितलेलं तुम्हाला समजलं तर ती शिकली. नाही समजलं तर ती उद्या सरांना विचारेल. मोबाईल हिसकावून तपासू नका, त्यानं पोरगी लपवायला शिकते. त्याऐवजी संध्याकाळचा एक तास मोबाईल फक्त तिच्या अभ्यासाचा असं घरात जाहीर करा. हे मुद्दाम सांगते कारण एका घरात एक मोबाईल असला की तो आधी बापाकडे, मग भावाकडे आणि पोरीकडे येतो तो रात्री बॅटरी संपताना.

पण कॉलेजात पाठवणं बंद करू नका, एवढं माझं ऐका, वहिनींनाही सांगा. मला या सगळ्या नव्या पद्धतीत सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, की पोराला बाहेर पाठवतील आणि पोरीला म्हणतील तुझं होतंय की घरून. वर्गात तिला नुसता घसारा नाही भेटत, चार मैत्रिणी भेटतात, लायब्ररी असते, बँकेच्या आणि पोलीस भरतीच्या जाहिराती कळतात, सरांसमोर उभं राहून बोलायची सवय लागते. मोबाईलवर हे होत नाही. खर्चाचं म्हणाल तर एसटीच्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात जाणं-येणं होतं. पास काढला नसेल तर कॉलेजातून बोनाफाईड घेऊन काढून घ्या. आणि पास नसेल त्या दिवशीही मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना एसटीत अर्धं तिकीट आहेच.

प्रश्न : मी अर्जुनी मोरगावचा. 'स्वयम'वरचा एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा) १२ आठवड्यांचा कोर्स मोबाईलवर पूर्ण बघितला, असाईनमेंटही केल्या. कॉलेज म्हणतं क्रेडिट मिळणार नाही. का?

उत्तर : तू परीक्षेला नाव नोंदवलं नसणार. व्हिडिओ आणि असाईनमेंट फुकट असतात, पण सर्टिफिकेट सेंटरवर जाऊन दिलेल्या परीक्षेवर मिळतं. १२ आठवड्यांच्या कोर्समधे तुझ्या सगळ्यात चांगल्या ८ असाईनमेंटची सरासरी २५ मार्कांत धरतात आणि परीक्षा ७५ मार्कांत. २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे पाहिजेत. परीक्षेची फी वेगळी भरावी लागते आणि सेंटर लांबचं येऊ शकतं, तर रजिस्ट्रेशन करतानाच जवळचं शहर निवड आणि जाण्यायेण्याचे पैसे धरूनच ठरव.

दुसरं, कोर्स सुरू करायच्या आधी कॉलेजातल्या 'स्वयम'च्या कोऑर्डिनेटरला विचारायचं की हा कोर्स आपल्या विद्यापीठानं मान्य केलाय का आणि कोणत्या विषयाच्या जागी धरणार. तेही तोंडी नाही, लिहून घे. साधारण १२ आठवड्यांच्या कोर्सला ३ क्रेडिट धरतात. ते जमा होतात अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधे, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाईन खात्यात, तिथलं तुझं अकाउंट डिजिलॉकरवरून उघडता येतं, नाव मार्कशीटसारखंच टाक. तू जे शिकलास ते वाया गेलं नाही, पुढच्या वेळी तोच कोर्स पुन्हा लागला तर परीक्षेसाठी नाव घाल, अभ्यास झालेलाच आहे तुझा.

प्रश्न : बी.एस्सी.ला आहे, वर्धा जिल्हा. आमची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स या वर्षी फक्त स्क्रीनवर दाखवली आणि जर्नलवर सही झाली. हे चालतं का?

उत्तर : नाही चालत, आणि हे मी जोर देऊन सांगते. सरकारचा 'व्हर्च्युअल लॅब्स' हा प्रकल्प खरंच छान आहे, आयआयटी आणि इतर संस्थांनी मिळून केलाय, फुकट आहे, पण तो प्रयोगाच्या आदल्या दिवशी बघायचा असतो, प्रयोगाऐवजी नाही. टायट्रेशनमधे रंग बदलतो तो एका थेंबाला, तो थेंब ब्युरेटच्या तोटीवर बोटानं अडवायला हात लागतो आणि तो हात स्क्रीनवर तयार होत नाही. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरलेले असतात, थिअरीच्या दुप्पट, ते लॅबमधे उभं राहण्यासाठीच. ऑनलाईन करायचंच असेल तर थिअरी करा, केमिकल्स नसतील तर कमी प्रयोग घ्या पण हातानं घ्या. विभागप्रमुखांना शांतपणे सांगा, सेमिस्टर संपायच्या आत निदान महत्त्वाचे प्रयोग सलग दिवस लावून करून घ्या म्हणावं. पुढं एम.एस्सी.ला नाहीतर कंपनीत गेल्यावर पहिल्याच दिवशी पिपेट हातात देतात.

प्रश्न : मी धारणीकडे राहते, बारावी झाल्यावर लग्न झालं, आता दोन मुलं आहेत. बी.ए. करायचंय. रोज कॉलेज शक्य नाही. मुक्त विद्यापीठाची डिग्री नोकरीला चालत नाही असं इथं सगळे सांगतात. मग ऑनलाईन डिग्री घेऊ का?

उत्तर : ताई, चालते. यूजीसीची मान्यता असलेल्या संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाईन घेतलेली डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरली जाते, यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मधे ते पुन्हा स्पष्ट केलंय. त्यामुळे सगळे काय म्हणतात त्यापेक्षा अॅडमिशनच्या वर्षी त्या विद्यापीठाचं आणि त्या कोर्सचं नाव यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का ते बघा, यादी वेबसाईटवर असते, सेतू केंद्रावरच्या पोराला काढून द्यायला सांगा.

तुमच्यासाठी मला नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ बरं वाटतं. १९८९ पासून आहे, पुस्तकं मराठीत, अमरावतीला विभागीय केंद्र आहे आणि अभ्यासकेंद्रं बहुतेक करून आपल्या ओळखीच्या कॉलेजांतच असतात. पूर्ण ऑनलाईन डिग्रीच्या जाहिराती येतील, ईएमआयवर फी भरा म्हणतील, घाई करू नका. एक तर मेळघाटात नेट कधी जाईल सांगता येत नाही, आणि दुसरं म्हणजे इतक्या वर्षांनी अभ्यासाला बसताना विचारायला समोर कुणीतरी माणूस लागतो. म्हणून अॅडमिशन घेण्याआधी जवळच्या अभ्यासकेंद्रावर स्वतः जा आणि तीन गोष्टी विचारा : संपर्क सत्रं खरंच होतात का आणि कोणत्या वारी, गृहपाठ कुठं जमा करायचे, परीक्षेचं सेंटर कोणतं. शक्य झालं तर तिथं आधीपासून शिकणाऱ्या एखाद्या बाईचा नंबर मागा, कारण सत्रं होतात असं केंद्रवाले म्हणणारच, ती मात्र खरं सांगेल. सत्राच्या दिवशी मुलांना कुणाकडे ठेवायचं ते सासूबाईंशी आत्ताच बोलून ठेवा.